कमी झालेल्या खुर्च्या आणि न मोजलेली माणसे

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये सदस्य देशांपुढे एक आकडा ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये संघटनेत ९,४०१ पदे होती; जून २०२६ पर्यंत त्यांतली २,३७१ कमी झालेली असतील. काही पदे रद्द होतील, काही माणसे निवृत्त होतील, काही स्वतःहून निघून जातील. थोडक्यात, दीड वर्षात चारांतला जवळपास एक माणूस नाहीसा. जगाच्या आरोग्याची चौकीदारी करणाऱ्या संस्थेचा चौथा हिस्सा गळून पडतो आहे आणि भारतात ही बातमी आली तशी गेली.

जी काही चर्चा झाली, तिचे दोन सूर होते. पहिला टाळ्यांचा. जिनिव्हात बसून गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या नोकरशहांचा हा पांढरा हत्ती होता, कोविडच्या काळात त्याने काय केले ते सर्वांनी पाहिले, आता उतरला माज तर बरेच झाले. दुसरा सूर हिशेबनीसाचा. या सगळ्यांत भारतीय किती होते आणि आता किती उरणार? एकशे चाळीस कोटींच्या देशाला तिथे योग्य वाटा मिळतो का? दोन्ही सूर चुकीचे आहेत, आणि एकाच कारणाने चुकीचे आहेत. दोघेही खुर्च्या मोजतात. त्या खुर्च्यांवर कोणत्या प्रकारच्या करारावर माणसे बसली होती, त्यांचा पगार कोणाच्या खिशातून येत होता, आणि ज्यांना खुर्चीच नव्हती अशी किती माणसे त्या संघटनेचे काम उन्हातान्हात करत होती, हे विचारायची तसदी दोघांपैकी कोणी घेत नाही.

वर दिलेल्या आकड्यातच हे लपलेले आहे. त्या ९,४०१ मध्ये आणि त्या २,३७१ मध्ये सल्लागार धरलेले नाहीत, अल्पमुदतीच्या नेमणुकांवरचे लोक धरलेले नाहीत. त्यांचे करार मुदत संपताच फक्त पुढे वाढवले गेले नाहीत. नोकरीवरून काढलेल्या माणसाची निदान नोंद होते. ज्याचा करार नूतनीकरणाविना संपला, त्याची कुठल्याच रकान्यात नोंद होत नाही. गळतीचा खरा आकडा अधिकृत आकड्याहून मोठा आहे.

आधी त्या पांढऱ्या हत्तीचे वजन पाहू जाता काय दिसते? मे २०२५ च्या जागतिक आरोग्य सभेत २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांसाठी मिळून ४.२ अब्ज डॉलरचा अर्थसंकल्प मंजूर झाला. मूळ प्रस्ताव ५.३ अब्जांचा होता. तो पाचव्या हिश्श्याने कापला गेला. वर्षाला २.१ अब्ज डॉलर म्हणजे साधारण अठरा हजार कोटी रुपये. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा आहे. एका शहराचे रस्ते, गटारे, पाणी आणि रुग्णालये चालवायला जेवढे लागतात, त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच्या रकमेत दीडशेच्या आसपास देशांतली कार्यालये, सहा प्रादेशिक कार्यालये आणि जिनिव्हातले मुख्यालय चालवायचे आहे. यात साथीची पूर्वसूचना द्यायची, लसींची गुणवत्ता तपासून मान्यता द्यायची, गोवराच्या विषाणूची वंशावळ ठेवायची, फ्लूच्या लशीत दरवर्षी कोणते विषाणू घालायचे ते ठरवायचे. हत्ती म्हणायचाच असेल, तर हा हाडे दिसणारा हत्ती आहे.

मग पगार गलेलठ्ठ नाहीत का? ज्येष्ठ श्रेणीतले आहेत, आणि जिनिव्हा हे जगातल्या महागड्या शहरांपैकी एक आहे. संघटनेची चूकही इथे स्पष्ट नोंदवली पाहिजे. २०२५ च्या पुनर्रचनेत मुख्यालयातल्या विभागांची संख्या ७६ वरून ३४ वर आणली गेली. हे करता येण्याजोगे होते, तर ७६ विभाग आजवर कशासाठी होते? अमेरिकेने पैसे थांबवल्यावर सहा महिन्यांत जे शहाणपण सुचले, ते पैसे असताना का सुचले नाही? उपमहासंचालक, सहायक महासंचालक, संचालक अशी उतरंड वर्षानुवर्षे उंच होत गेली आणि ती होऊ दिली गेली. संघटनेचे समर्थक या प्रश्नाला बगल देतात, आणि टीकाकारांना त्यामुळे फुकटचे शस्त्र मिळते.

पण उतरंड उंच का झाली आणि पाया ठिसूळ का राहिला, याचे उत्तर जिनिव्हातल्या आळसात नाही. ते पैशाच्या प्रकारात आहे. आणि हा भाग नीरस वाटला तरी तोच सगळ्याचे मूळ आहे.

संघटनेकडे दोन वाटांनी पैसा येतो. एक, प्रत्येक देशाची ठरलेली वर्गणी, जी त्याच्या अर्थव्यवस्थेच्या आकारमानानुसार निश्चित होते आणि जी संघटना हव्या त्या कामासाठी वापरू शकते. दुसरी, ऐच्छिक देणगी, जी देणारा बहुधा विशिष्ट कामाला बांधून देतो. अमुक रोगासाठी, तमुक देशासाठी, इतक्या महिन्यांसाठी. प्रारंभी वर्गणी हाच मुख्य आधार होता. १९८० च्या दशकात श्रीमंत देशांनी ठरवले की महागाई वगळता वर्गणी वाढणार नाही. १९९३ मध्ये त्याहून पुढे जाऊन ठरले की महागाईपुरतीही वाढणार नाही. परिणामी वर्गणीचा वाटा घटत घटत एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहूनही खाली आला. उरलेले चार हिस्से देणगीदारांच्या मर्जीवर.

आता एखाद्या व्यवस्थापकाच्या जागी उभे राहून पाहावे. हातात अठरा महिन्यांसाठी बांधलेला निधी आहे. त्यावर कोणाला कायम नोकरी देता येईल? कोणालाच नाही. म्हणून सल्लागार नेमायचा, अकरा महिन्यांचा करार करायचा, मुदत संपली की दुसऱ्या नावाने तोच करार. निधी आणणारा ज्येष्ठ अधिकारी मात्र टिकवायचा, कारण देणगीदारांशी बोलणारा तोच. अशा रीतीने वरचा मजला पक्का आणि खालचा भाड्याचा, ही रचना कोणी मुद्दाम आखली नाही; निधीच्या अटींनी ती आपोआप घडवली. १९९३ मध्ये वर्गणी गोठवणाऱ्या देशांनी २०२५ मध्ये संघटनेला 'वरजड' म्हणून हिणवावे, हा कांगावा आहे.

आणि याची किंमत एकदा मोजून झालेली आहे. २०११ मध्ये जागतिक मंदीच्या झळा लागल्या, तेव्हा मुख्यालयातली सुमारे तीनशे पदे कमी करण्याचे ठरले. साथ आणि आपत्कालीन प्रतिसादाचा अर्थसंकल्प पुढच्या द्वैवार्षिकात जवळपास निम्म्यावर आला. साथीच्या कामातली अनुभवी माणसे विखुरली. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोला पसरला, आणि संघटना महिनोन्महिने अडखळत राहिली. अकरा हजारांहून अधिक माणसे मेली. केवळ कपातीमुळे मेली असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. त्या देशांची आरोग्यव्यवस्था युद्धांनी मोडलेली होती आणि प्रादेशिक कार्यालयाची ढिलाईही होती. पण साथ आल्यावर जे लोक लागतात ते साथ आल्यावर घडवता येत नाहीत, हे त्या वर्षी सर्व अहवालांनी सांगितले. अकरा वर्षांत ते विसरले गेले.

भारतीय वाचकाला यासाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. संघटनेच्या मनुष्यबळाची सर्वांत बोलकी कहाणी भारतातच घडली आहे.

१९९७ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ निगराणी प्रकल्प सुरू केला. त्याचा कणा होते निगराणी वैद्यकीय अधिकारी. काहीशे भारतीय डॉक्टर, एकेकाकडे एक-दोन जिल्हे. काम वरवर सोपे. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपण आले की त्याची खबर लावायची, मग ते पोलिओमुळे असो वा नसो. लुळेपण आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे. ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवायचे. वाटेत बर्फ वितळला तर नमुना वाया, आणि त्या मुलाचा नमुना पुन्हा मिळत नाही. परळला हाफकिनच्या आवारात असलेले एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र या साखळीतले महत्त्वाचे टोक होते; तिथे विषाणू वेगळा करून तो वन्य की लशीतला, आणि वन्य असेल तर कुठल्या भागातून आला, हे ठरत असे.

या कामात एक उलटी कसोटी आहे, जी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आवर्जून समजून घ्यावी. पोलिओ नसतानाही इतर कारणांनी काही मुलांना लुळेपण येतेच; दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक. एखाद्या जिल्ह्यातून वर्षभरात एकही खबर आली नाही, तर तिथे पोलिओ नाही असे समजायचे नसते. तिथे कोणी पाहतच नाही, असे समजायचे असते. शून्य हा यशाचा आकडा नसून गाफीलपणाचा असू शकतो. आणि तो शून्य कोणता आहे, हे ओळखायला त्या जिल्ह्यातला प्रत्येक खासगी दवाखाना, प्रत्येक वैदू, प्रत्येक मशिदीचा मौलवी आणि प्रत्येक वीटभट्टी ओळखणारा माणूस लागतो. उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ तालुके विषाणूचे शेवटचे बालेकिल्ले होते. कोसी नदीच्या पुरात दरवर्षी गावेच्या गावे जागा बदलत. त्या वस्त्यांचे नकाशे या डॉक्टरांनी पायी फिरून केले. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातल्या एकूण रुग्णांच्या जवळपास निम्मे. २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याजवळ. २७ मार्च २०१४ रोजी दिल्लीत आग्नेय आशिया प्रदेशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

या डॉक्टरांचा करार कोणता होता? बहुतेकांचा 'विशेष सेवा करार'. संघटनेच्या परिभाषेत ते 'कर्मचारी' नव्हतेच. संयुक्त राष्ट्रांच्या निवृत्तिवेतन निधीचे ते सदस्य नव्हते. पदांच्या वार्षिक अहवालात, देशवार प्रतिनिधित्वाच्या तक्त्यात ते दिसत नाहीत. भारताचे संघटनेत प्रतिनिधित्व किती, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की भारतात संघटनेच्या नावाने सर्वांत मोठे काम ज्यांनी केले, ते त्या गणनेत आलेच नाहीत. पोलिओ संपत आला तसा पोलिओचा निधीही आटू लागला. रोग हटवण्यात यश मिळणे म्हणजे स्वतःची नोकरी धोक्यात आणणे, हा या कराराचा अलिखित नियम. पुढे याच जाळ्याने गोवर-रुबेलाची निगराणी केली, कोविडमध्ये जिल्हा प्रशासनांना हात दिला. एकेका रोगाच्या निधीवर जगणारी माणसे प्रत्यक्षात सर्व रोगांचे काम करत होती. निधीच्या कागदावर तसे लिहिलेले नव्हते, एवढेच.

प्रतिनिधित्वाच्या प्रश्नालाही थोडा वेळ द्यावा लागेल, कारण तो पूर्णपणे निरर्थक नाही. संघटनेच्या घटनेचे ३५ वे कलम सांगते की नेमणुकांत कार्यक्षमता, सचोटी आणि आंतरराष्ट्रीय स्वरूप सर्वोच्च राखायचे आणि शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर माणसे निवडायची. प्रत्यक्षात प्रत्येक देशाचा 'अपेक्षित पल्ला' एका सूत्राने ठरतो. त्यात सदस्यत्व, वर्गणी आणि लोकसंख्या असे तीन घटक आहेत आणि लोकसंख्येचे वजन सर्वांत कमी. हा पल्ला फक्त आंतरराष्ट्रीय व्यावसायिक श्रेणीला लागू आहे. राष्ट्रीय अधिकारी आणि कार्यालयीन सेवक त्यातून वगळलेले. एकशे चाळीस कोटींचा दाखला देऊन जागा मागणाऱ्यांना हे सूत्र अन्यायाचे वाटेल. पण मग वर्गणीकडेही पाहावे. ठरलेल्या वर्गणीत भारताचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. तो नियमाने ठरतो, त्यात भारताचा दोष नाही. दोष दुसरीकडे आहे. जामनगरच्या जागतिक पारंपरिक वैद्यक केंद्रासाठी भारताने २५ कोटी डॉलर देऊ केले. हा निधी एका विषयाला, एका शहराला बांधलेला. श्रीमंत देश जे करतात म्हणून भारतीय प्रतिनिधी पूर्वापार तक्रार करत आले, नेमके तेच. पारंपरिक वैद्यकाचा अभ्यास व्हावा की नाही हा वेगळा वाद आहे. इथे मुद्दा एवढाच की देणगी बांधून द्यायची आणि संघटना देणगीदारांच्या तालावर नाचते असेही म्हणायचे, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही.

शिवाय भारतीयांची तिथे कधी वानवा होती असेही नाही. आग्नेय आशिया प्रादेशिक कार्यालय हे सहांपैकी पहिले, १९४८ पासून दिल्लीत. त्याचे पहिले संचालक डॉ. चंद्र मणी तब्बल वीस वर्षे त्या पदावर होते. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे डॉ. पूनम खेत्रपाल सिंह. त्या कार्यालयाच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या महिला. स्त्रीला त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला सहासष्ट वर्षे लागली, याचीही नोंद कोणी हिशेबनीस करत नाही. डॉ. सौम्या स्वामिनाथन २०१९ मध्ये संघटनेच्या पहिल्या मुख्य वैज्ञानिक झाल्या. वरच्या खुर्च्यांवर भारतीय बसले म्हणून कोसीच्या काठावरच्या डॉक्टरचा करार अकरा महिन्यांचा बारा झाला नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न स्वातंत्र्याचा आहे. घटनेचे ३७ वे कलम स्पष्ट आहे की संघटनेच्या सेवकांनी कोणत्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत आणि सरकारांनीही त्या द्यायच्या नाहीत. कलमाची कसोटी अडचणीच्या आकड्यावर लागते. मे २०२२ मध्ये संघटनेने कोविडकाळातल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज प्रसिद्ध केला. २०२० आणि २०२१ मिळून जगात सुमारे १ कोटी ४९ लाख; त्यांपैकी भारतात सुमारे ४७ लाख. भारताची अधिकृत कोविड-मृत्युसंख्या तेव्हा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होती. भारत सरकारने गणिती प्रारूपावर तीव्र आक्षेप घेतला, आणि आक्षेपांपैकी काही तांत्रिकदृष्ट्या चर्चेला योग्यही होते; देशव्यापी मृत्युनोंदी हाती नसताना काही राज्यांवरून देशाचा अंदाज बांधला होता. मे २०२५ मध्ये भारताच्याच नागरी नोंदणीचा २०२१ चा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात १ कोटी २ लाख मृत्यू नोंदलेले आहेत. आदल्या वर्षी ८१ लाख होते. एका वर्षात एकवीस लाखांची उडी, आणि ती केवळ नोंदणी सुधारल्याने झाली असे मानायला फार भाबडेपण लागते. कोणाचा आकडा अधिक बरोबर, हे संख्याशास्त्रज्ञ ठरवतील. पण सदस्य सरकारला न आवडणारा आकडा छापायला जो संख्याशास्त्रज्ञ बसतो, त्याची पुढच्या वर्षीची नोकरी त्याच सरकारच्या बांधलेल्या देणगीवर अवलंबून असेल, तर तो तो आकडा छापेल का? २,३७१ पदांच्या कपातीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो विचारला जाईल अशी चिन्हे नाहीत.

टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक आरसा. मे २०२२ मध्येच संघटनेने भारताच्या आशा कार्यकर्त्यांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. देशभर अभिनंदनाचा वर्षाव झाला. दहा लाखांहून अधिक स्त्रिया, देशाच्या सार्वजनिक आरोग्याचा सर्वांत मोठा पाया, आणि सरकारदरबारी त्यांचे नाव 'स्वयंसेविका'. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या परिचारिका, तंत्रज्ञ, साथरोगतज्ज्ञ कंत्राटी. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग निगराणी कार्यक्रमाचे जिल्हा पातळीवरचे साथरोगतज्ज्ञ अनेक राज्यांत कंत्राटी. जिनिव्हातली संघटना ज्या आजाराने ग्रासली आहे, त्याच आजाराचा त्याहून मोठा रुग्ण दिल्लीत आहे, आणि प्रत्येक राज्याच्या राजधानीतही. ज्याला आपल्या जिल्ह्याच्या साथरोगतज्ज्ञाचा करार दर मार्चअखेर संपतो हे ठाऊक नाही, त्याने जागतिक नोकरशाहीच्या ऱ्हासावर भाष्य करू नये.

विद्यार्थ्यांनी एक तपशील लक्षात ठेवावा, कारण तो त्यांच्याशी थेट जोडलेला आहे. २०२० पर्यंत संघटनेतली अंतर्वासिता विनावेतन होती. जिनिव्हात तीन महिने स्वखर्चाने राहणे कोणाला परवडणार? ज्यांच्या घरी पैसा होता त्यांना. नोकरीच्या पहिल्या पायरीवरच चाळणी लागली, आणि मग वरच्या पायऱ्यांवर गरीब देशांची माणसे कमी दिसतात म्हणून आश्चर्य व्यक्त झाले. २०१८ च्या आरोग्य सभेने ठराव केला की निम्मे अंतर्वासी अल्पविकसित आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतून यावेत, आणि २०२० पासून विद्यावेतन सुरू झाले. तरुण अंतर्वासींनी वर्षानुवर्षे आरडाओरडा केला म्हणून ते घडले. आता कपातीच्या काळात पहिली कुऱ्हाड कशावर पडते, याकडे या देशातल्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांनी डोळे लावून बसले पाहिजे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेतून २००१ पासून, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रातून २०१२ पासून प्रत्यक्ष साथीत काम करणारे साथरोगतज्ज्ञ तयार होत आहेत. ते कोणाकडे आणि कोणत्या करारावर काम करणार?

माणूस एका जागी पुरेसा काळ राहिला तर काय होते, याचे उदाहरणही भारतातलेच आहे. हाफडान मालर नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर १९५१ मध्ये संघटनेच्या वतीने भारतात क्षयरोगाच्या कामासाठी आला आणि जवळपास दहा वर्षे राहिला. बंगळुरूची राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ मध्ये सुरू झाली, तो काळ त्याने इथे पाहिला. क्षयरोगी औषध अर्ध्यावर सोडतो तो मूर्ख म्हणून नव्हे, तर दवाखाना चार कोस दूर आणि मजुरी बुडते म्हणून, हे समजायला दहा वर्षे लागतात. सहा महिन्यांच्या सल्लागारी अहवालात ते येत नाही. हाच मालर १९७३ मध्ये महासंचालक झाला आणि १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा संमत झाला. त्या जाहीरनाम्याचे श्रेय एका माणसाचे नव्हे, आणि दीर्घ नोकरी म्हणजे आपोआप शहाणपण असेही नाही. खुर्चीला चिकटून गंजलेले अधिकारी त्या संघटनेत पुष्कळ झाले. परंतु आजच्या करारपद्धतीत मालर घडूच शकला नसता. दुसऱ्या वर्षी त्याचा प्रकल्प संपला असता आणि तो कोपनहेगनला परतला असता.

सदस्य देशांना हे कळत नाही असे नाही. २०२२ मध्ये त्यांनीच एकमताने ठरवले की २०३०-३१ पर्यंत वर्गणी २०२२-२३ च्या मूळ अर्थसंकल्पाच्या निम्म्यापर्यंत न्यायची. त्यानुसार २०२३ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये वर्गणी वीस-वीस टक्क्यांनी वाढवली गेली. दिशा योग्य आहे. पण तीन दशके पाणी तोडलेल्या झाडाला आता पळीपळीने पाणी घालायचे आणि त्याच हंगामात अमेरिकेने मुळावर घाव घालायचा, असा योग आला आहे. २०२२-२३ या दोन वर्षांत अमेरिकेने सुमारे १.२८ अब्ज डॉलर दिले होते. तिची माघार २२ जानेवारी २०२६ रोजी अमलात येते. चीनने पाच वर्षांत पन्नास कोटी डॉलर देऊ केले आहेत. ती पोकळी त्याने भरत नाही, आणि भरली तरी एका दात्याच्या जागी दुसरा दाता एवढाच बदल होईल.

जगभरात सातशेहून अधिक प्रयोगशाळांचे गोवर-रुबेला जाळे आहे. त्याचा समन्वय संघटनेकडे, आणि त्याचा जागतिक पातळीवरचा सगळा खर्च अमेरिका उचलत होती. वर्षाला सुमारे ऐंशी लाख डॉलर. भारतातल्या प्रयोगशाळाही याच जाळ्यात आहेत. जिल्हा रुग्णालयात पुरळ आलेल्या मुलाचे रक्त घेतले जाते, ते प्रयोगशाळेत जाते, तिथे वापरायच्या संचाची गुणवत्ता आणि निकालाची फेरतपासणी त्या जाळ्याच्या नियमांनी होते. ऐंशी लाख डॉलर म्हणजे सत्तर कोटी रुपयांच्या आसपास. ही रक्कम, तीही बंधनाविना, भारताने देऊ करावी अशी मागणी अजून कोणी केलेली नाही.